कडेकोट

अण्णांच्या गाडीतून सकाळी सातला निघायचं असेल तर पावणेसातला पार्किंगमध्ये हजर राहावं लागतं. गाडी आधी सोडवावी लागते. कव्हर काढायचं, धुळीची बाजू आत ठेवून त्याची चार पदरी घडी घालायची, दार उघडून वाकायचं आणि क्लच-ब्रेक एकत्र जखडणारा लोखंडी आकडा काढायचा, मग स्टिअरिंगवरचा पिवळा रॉड, मग गिअर लॉक. तिन्हींच्या किल्ल्या वेगळ्या आणि पार्किंगच्या अंधारात तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून अण्णांनी त्यांना नेलपॉलिशचे एक, दोन आणि तीन ठिपके दिले आहेत. काकूंनी नखं रंगवायचं सोडून वीसेक वर्षं झाली असतील, पण घरात लाल नेलपॉलिशची बाटली दर दिवाळीला नवी येते.

कोथिंबीर आणायला गाडी काढायची नाही, हे त्या घरात कुणी ठरवलेलं नाही. ते आपोआप ठरलं. काकू रिक्षाने जातात.

प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस असतो. मी पुण्यात तीन ठिकाणी राहिलो आणि तिन्ही ठिकाणी मला तो भेटला. एकाची सायकलसुद्धा साखळीने जिन्याच्या कठड्याला बांधलेली असायची, आणि साखळीच्या कुलपावर पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी. पण अण्णा या जमातीतले श्रेष्ठ. रात्री बातम्या संपल्या की ते खाली येतात. चारही दारं ओढून बघतात. डिकी ओढतात. लिफ्टपर्यंत जातात, परत येतात, ड्रायव्हरच्या बाजूचं दार पुन्हा ओढतात. मग वॉचमनला विचारतात, "लॉक आहे ना?" तो म्हणतो, "हो साहेब." त्याच्या 'हो'वर अण्णांचा काडीचा विश्वास नाही, पण साक्षीदार लागतो.

अण्णांना भित्रा म्हणावं तर तेही जमत नाही. भित्रा माणूस चोराचा विषय टाळतो. अण्णा त्याच्याबद्दल इतक्या आपुलकीने बोलतात की नवख्याला वाटावं, यांचा कोणी धाकटा भाऊ परगावी नोकरीला आहे. "तो असा धावतपळत येत नाही. आधी दोन दिवस बघून जातो." "पावसात तो यायचाच, आवाज लपतो ना." चोर हा शब्द ते क्वचितच उच्चारतात. "त्याला काय हवं असतं सांगू? त्याला वेळ हवा असतो. सगळा खेळ वेळेचा आहे."

हे वाक्य आलं की समजावं, आता खुर्ची ओढून घ्यावी.

"तुमचा समज असा की कुलूप चोराला अडवतं. चूक. जगातलं कुठलंही कुलूप तुटतं. आता हा रॉड. पोलादी आहे, कापायला घाम निघेल. पण त्याने रॉड कशाला कापावा? स्टिअरिंगचं कडं मऊ असतं. हॅकसॉचं पातं घेऊन कडं कापायचं, रॉड अलगद बाहेर."

"मग लावता कशाला, अण्णा?"

"कारण त्यासाठी हॅकसॉ लागतो! गिअर लॉकला ड्रिल लागतं. पेडलच्या आकड्याला स्टिअरिंगखाली डोकं घालून झोपावं लागतं. तीन कुलपं, तीन हत्यारं. एवढा कारखाना घेऊन रात्री दोनला हिंडणारा माणूस गस्तीवाल्याला दिसतो. तो हिशेबी असतो हो. काचेतून पिवळा रॉड बघतो, मनात आकडेमोड करतो आणि पुढच्या गाडीकडे जातो."

पुढची गाडी माझी.

गाडीत कंपनीनेच दिलेलं स्टिअरिंग लॉक असतं, किल्ली काढून चाक जरा फिरवलं की कट् वाजतं. ते अण्णांनी हिशेबात धरलेलंच नाही. "दणकून हिसका दिला की सुटतं. ते आपल्या समाधानासाठी." गिअर लॉक मात्र नेहमी रिव्हर्स टाकून. पहिल्या गिअरमध्ये का नाही, असं एकदा मी विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "चोर उलटा पळत नाही."

ही विद्या घराण्यातली. अण्णांच्या वडिलांकडे फियाट होती. ते रात्री बोनेट उघडत, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढत आणि आतला रोटर सदऱ्याच्या खिशात टाकून वर येत. अंगठ्याएवढी ती वस्तू. ती नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही, इंजिन नुसतं घरघरत राहतं. एकदा सदरा रोटरसकट परटाकडे गेला आणि फियाट दोन दिवस जागची हलली नाही. परीट भला माणूस. त्याने तो रोटर कागदात गुंडाळून, इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवून परत केला. ही गोष्ट सांगताना अण्णांचे डोळे अभिमानाने चमकतात. गाडी चालली नाही यात त्यांच्या मते तक्रार करण्यासारखं काही नाहीच. गाडी चोरीला गेली नाही, हा मुद्दा.

पुढे नोकरी मिळाली तीही बँकेत, आणि बँकेत रोकड विभागात. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या, त्या दोन अधिकाऱ्यांकडे. दोघं जागेवर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. निवृत्तीनंतर अण्णांनी ही पद्धत घरी आणली. गिअर लॉकची किल्ली स्वतःकडे, रॉडची काकूंच्या पर्समध्ये. एका गणपतीत काकू पर्ससकट सांगलीला माहेरी गेल्या आणि चार दिवस राहिल्या. अण्णा दवाखान्यात बसने, बाजारात चालत, आरतीला शेजाऱ्याच्या स्कूटरवर. मी हळहळ व्यक्त केली तर म्हणाले, "नाही नाही, उत्तम झालं. माझी मलाच काढता आली नाही, म्हणजे बघा." दुसऱ्या किल्लीचं विचारलं, तर ती बँकेच्या लॉकरमध्ये होती. लॉकर दोघांच्या नावावर, पण लॉकरची किल्ली काकूंच्या पर्समध्ये.

काकूंनी या सगळ्याशी जुळवून घेतलं आहे असं मी म्हणणार होतो, पण ते खरं नाही. त्या वाट बघत असतात. कुंभार्ली घाटातला दिवस हा त्यांच्या संसारातल्या मोजक्या विजयांपैकी एक.

तेव्हा अण्णांनी नुकत्याच चारही चाकांना लॉक नट बसवले होते. प्रत्येक चाकाला एक नट वेगळ्या खाचेचा, तो साध्या पान्ह्याने निघत नाही, त्यासाठी सोबत मिळालेला खास सॉकेट लागतो. गणपतीपुळ्याला जाताना घाट उतरता उतरता मागचं चाक बसलं. अण्णा शांत. स्टेपनी काढली, जॅक लावला, तीन नट सोडवले आणि चौथ्यापाशी थांबले. सॉकेट गाडीतच होता. "त्याला सापडू नये" अशा जागी ठेवला होता. ती जागा कोणती, ते अण्णांना आठवेना. सीटखाली, डिकीच्या गालिच्याखाली, फर्स्ट एडच्या डब्यात, सगळीकडे हात घालून झाले. काकू कठड्यावर बसून डब्यातल्या दशम्या खात होत्या.

शेवटी पोफळीहून पंक्चरवाला आणला. पोरगा विशीतला असेल. त्याने नटाकडे बघितलं, पिशवीतून एक जुना, एक नंबर लहान सॉकेट काढला, नटावर ठेवून हातोडीने ठोकून बसवला, पान्हा लावला आणि पायाने दाब दिला. निघालं. अण्णा सांगतात तेव्हा दोन मिनिटं, काकू सांगतात तेव्हा दहा सेकंद.

दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. अण्णांनी त्या पोराला आणखी पन्नास रुपये दिले आणि उरलेल्या तीन चाकांचे नटही तसेच काढून दाखवायला लावले. वहीत आकृती काढून घेतली. गणपतीपुळ्याला पोचायला रात्र झाली. तो खास सॉकेट पुढे कितीतरी दिवसांनी सापडला, धूपाटण्याच्या डब्यात. प्रवासात धूपाटणं कशाला नेलं होतं ते विचारायचं नाही.

अभ्यास हा अण्णांचा खरा छंद. रविवारी ते जुन्या बाजारात जातात आणि मोडलेली कुलपं हाताळत बसतात. कापलेला भाग बोटाने चाचपून सांगतात, "हे करवतीने नाही, हे गॅस कटरने." बोहरी आळीतले दुकानदार त्यांना ओळखतात आणि ते येताना दिसले की आतल्या खोलीत जातात. सकाळी ते वेताळ टेकडीवर फिरायला जातात. एआरएआयच्या फाटकापाशी आले की चाल मंदावते. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था, देशभरातल्या गाड्यांच्या चाचण्या इथे होतात. पण अण्णांच्या लेखी तिची खरी थोरवी वेगळी आहे. चोरीविरोधी यंत्राला एआरएआयची मान्यता असेल आणि ते गाडीत बसवल्याचा दाखला दिला, तर विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो त्यावर अडीच टक्के सवलत मिळण्याची सोय जुन्या दरपत्रकात होती, जास्तीत जास्त पाचशे रुपये. अण्णांनी चौदाशे रुपयांचं मान्यताप्राप्त यंत्र बसवलं, तीन खेपा घालून दाखला मिळवला आणि त्यांचे पस्तीस रुपये वाचले. "पैशाचा प्रश्न नाही," ते म्हणाले, "त्यांनी मान्य केलं ना?"

जुन्या गाड्यांनाही नवी नंबरप्लेट सक्तीची झाली तेव्हा सगळी सोसायटी कुरकुरत होती. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना ती आधीपासूनच येत होती, आता आमच्यासारख्यांनाही रांगेत उभं राहायचं होतं. अण्णा पहिल्याच आठवड्यात जाऊन आले. ती प्लेट स्नॅप लॉकने बसते, काढायची तर लॉक तोडावंच लागतं. "सरकारला उशिरा का होईना, पटलं," एवढंच बोलले. पार्किंगमध्ये त्यांनी लावलेल्या 'वाहनचोरी हा गुन्हा आहे' या पाटीवर भा.दं.वि. ३७९ असं लिहिलं होतं. १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू झाला, त्या सकाळी ते शिडीवर चढून भा.दं.वि. ३७९ च्या जागी भा.न्या.सं. ३०३ रंगवताना दिसले. चोराला कलम चुकीचं सांगणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

आता बालगंधर्वचा किस्सा. हा अण्णा स्वतः सांगत नाहीत, समोर कोणी सांगितला तर उठून पाणी प्यायला जातात.

तेव्हा त्यांच्याकडे पांढरी मारुती ८०० होती, १९९७ ची. बालगंधर्व रंगमंदिरात नाटक होतं. अण्णांचा नियम असा की मध्यंतरात लोक बटाटेवड्याकडे जातात, तेव्हा आपण गाडीकडे जायचं. ते गेले, दाराला किल्ली लावली, दार उघडलं आणि आत बघतात तो रॉड नाही. गिअर लॉक नाही. क्लचचा आकडा नाही. तो येऊन गेला होता! सगळं काढलं, आता फक्त गाडी सुरू करायची बाकी होती, आणि आपण ऐन वेळी आलो म्हणून तो पळाला. परत येणारच. अण्णांनी ठरवलं, इथून हलायचं नाही. मागच्या सीटवर आडवे झाले, अंगावर तिथलीच एक शाल ओढली आणि दबा धरला. ही शाल आपल्या गाडीत कशी, हा प्रश्न त्या अवस्थेत त्यांना पडला नाही.

नाटक सुटलं. दार उघडून कोणीतरी आत बसलं. अण्णांनी मागून त्याची कॉलर धरली.

पुढची पंधरा मिनिटं फार गोंगाटाची होती म्हणतात. झिजलेली जुनी किल्ली तशाच दुसऱ्या गाडीच्या दाराला कधीकधी लागून जाते, आणि अण्णांची स्वतःची पांढरी ८००, तिन्ही कुलपं शाबूत, चार गाड्या सोडून उभी होती. ज्याची कॉलर धरली ते गृहस्थ शाळेत गणित शिकवणारे निघाले. पोलीस चौकीपर्यंत प्रकरण जायचं, पण अण्णांना एकाएकी वेगळीच काळजी लागली. "म्हणजे तुमची किल्ली माझ्या गाडीला लागते?" दोघांनी जाऊन करून बघितलं. लागली. मास्तरांचाही चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी अण्णा त्यांना नाना पेठेत घेऊन गेले आणि उभं राहून गिअर लॉक बसवून दिलं, त्याच्या बोल्टची डोकी कट करून घेतली की नाही हे जातीने बघितलं. आज त्या घराशी इतका घरोबा आहे की मास्तरांच्या मुलीच्या लग्नात अक्षता वाटायला अण्णा पुढे होते. अण्णांनी आजवर प्रत्यक्ष पकडलेला एकमेव चोर तो, आणि पकडलं त्या क्षणी दुसऱ्याच्या गाडीत शिरलेले फक्त अण्णाच होते.

अण्णांचा मुलगा कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागाला. त्याच्याकडे नवी कोरी मोठी गाडी आहे, किल्ली खिशात असली की दार उघडतं, बटण दाबलं की सुरू. "बाबा, आता हे कुलूपबिलूप जुनं झालं," असं तो फोनवर म्हणायचा. मग त्यांच्याच गल्लीतून एका रात्री दोन गाड्या गेल्या. तंत्र सोपं. एकजण घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, आत खुंटीवर टांगलेल्या किल्लीचा संदेश पकडून पुढे पाठवतो, दुसरा गाडीपाशी. गाडीला वाटतं मालक आला. ना काच फुटत, ना आवाज. तिथून चोरलेल्या कितीतरी गाड्या कंटेनरमध्ये घालून मॉन्ट्रियल बंदरातून परदेशी जातात. २०२४ साली तर टोरांटोच्या एका पोलीस हवालदाराने रहिवाशांच्या बैठकीत सल्ला दिला होता की किल्ली घराच्या पुढच्या दाराजवळच ठेवा, म्हणजे चोर तिच्यासाठी घरात शिरून तुमच्यावर हल्ला करणार नाही. मुलाने हे सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे लक्ष्मीपूजनाला दार उघडं ठेवतो, तसं?"

त्या उन्हाळ्यात अण्णा मुलाकडे गेले. बॅगेत चकलीची भाजणी, मेतकूट आणि मध्ये टॉवेलात गुंडाळलेला पिवळा रॉड. विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने रॉड वर करून विचारलं, हे काय? अण्णांनी खुणेने स्टिअरिंग धरून दाखवलं, मग खुणेने चोर दाखवला. अधिकारी हसला आणि म्हणाला, माझ्या मेव्हण्याची गेल्या महिन्यात गेली. भाजणीची चौकशी मात्र कसून झाली.

मुलाला लाज वाटली. चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीला हा पिवळा रॉड! पण लावला. किल्लीसाठी अण्णांनी स्टीलचे डबे तपासले. झाकण घट्ट बसलं तर संदेश बाहेर जात नाही, सैल असेल तर जातो. लाडवाचा डबा नापास झाला, कडीचा डबा पास. आठवड्याभरात समोरचे सरदारजी येऊन म्हणाले, "अंकलजी, एक मेरे लिए भी." अमेरिकेत तर ज्या ह्युंदाई आणि कियामध्ये इमोबिलायझर नव्हता त्या इतक्या चोरीला गेल्या की कंपन्यांनी पोलिसांमार्फत असे रॉड फुकट वाटले. हे कात्रण अण्णांनी लॅमिनेट करून आणलंय. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ते कुठल्याही विषयावर बोलताना हातात असतं, पाणीपट्टीवरसुद्धा.

तर 'पुढच्या गाडीकडे जातो' हा मुद्दा. अण्णांच्या तत्त्वज्ञानात एक खोट आहे आणि ती त्यांना ठाऊक आहे: आपलं कुलूप चोराला शेजाऱ्याकडे पाठवतं. दुसरा कोणी यावर मजेत झोपला असता. अण्णांना झोप लागेना. त्यांनी आमच्या ओळीतल्या सगळ्यांना रॉड आणून दिले, पैसे घेतले नाहीत. रात्री आपली चार दारं ओढून झाली की आमचीही ओढतात. मी एकदा विसरलो तर साडेदहाला इंटरकॉम वाजला. "रॉड लावला का?" पुढे "हॅलो" नाही, "झोपलात का" नाही. आता ओळखीत कुणाचंही लग्न असो, अण्णांचा आहेर ठरलेला. पाकिटाऐवजी लांबट खोका. एक किल्ली नवऱ्याच्या हातात, दुसरी नवरीच्या. आमच्या भाच्याकडे अजून गाडी नाही. अण्णा म्हणाले, "येईल की. रॉड तरी तयार असावा."

गेल्या श्रावणात अखेर तो आला.

सकाळी वॉचमन वर धावत आला तेव्हा काकूंनी देवाला हात जोडले. आम्ही खाली गेलो. अण्णांची वॅगन-आर जागेवर होती. रॉड जागेवर, गिअर लॉक जागेवर, आकडा जागेवर. कव्हर नव्हतं. साडेतीन हजारांचं, वॉटरप्रूफ, बाजूने इलास्टिक असलेलं. सगळ्या गाडीत कुलूप नसलेली ती एकच वस्तू, आणि तो नेमकी तीच घेऊन गेला.

आम्ही काय बोलावं या विचारात. अण्णा गाडीला एक प्रदक्षिणा घालून आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी त्यांच्या षष्ट्यब्दीलाही पाहिलं नव्हतं.

"कळलं का काय झालं?" ते म्हणाले. "कव्हर काढल्याशिवाय त्याला रॉड दिसणारच नाही. त्याने काढलं. आत बघितलं. तीन कुलपं! नमस्कार केला असेल हो त्याने. आणि एवढ्या लांब आला, हात हलवत कसा जाणार? कव्हर घेऊन गेला. घेऊ दे."

काकू म्हणाल्या, "आता कव्हरलाही कुलूप येईल."

कव्हरला कुलूप आलं नाही. दोन दिवस अण्णा गप्प होते, आपल्या पद्धतीत इतकी वर्षं एवढी मोठी चूक राहून गेली या विचारात. रॉड पिवळा कशासाठी? लांबून दिसावा म्हणून. आणि आपण रोज रात्री त्याच्यावर कव्हर घालत होतो. तिसऱ्या दिवशी नवं कव्हर काखोटीला मारून ते ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेले. पुढच्या काचेच्या जागी चौकोन कापून तिथे जाड पारदर्शक प्लास्टिक शिवून हवं होतं, ड्रायव्हरच्या बाजूला, बरोबर स्टिअरिंगच्या समोर. शिलाईवाल्याने दोनदा माप विचारलं, मग न राहवून म्हणाला, "काका, उभ्या गाडीत बघायचंय काय तुम्हाला?"

"मला नाही," अण्णा म्हणाले. "त्याला."